बरगडीचं दुखणं अंगावर काढू नका

३० जुलै २०२२. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत सांगलीचा संकेत सरगर ५५ किलो वजनी गटात उतरला होता. वडिलांची सांगलीत पानाची आणि चहाची टपरी, पोराचं वय २१. स्नॅच प्रकारात त्याने ११३ किलो वजन उचललं आणि तो सर्वांच्या पुढे होता. क्लीन अँड जर्कच्या पहिल्या प्रयत्नात १३५ किलो झालं. दुसऱ्या प्रयत्नात १३९ किलो डोक्यावर नेताना उजव्या कोपराला इजा झाली. तरीही तो तिसऱ्या प्रयत्नाला आला, पण हाताने साथ दिली नाही. एकूण २४८ किलोवर त्याला रौप्यपदक मिळालं. मलेशियाच्या खेळाडूने २४९ किलो करून सुवर्ण नेलं. एका किलोचा फरक. पदक घ्यायला संकेत आला तेव्हा त्याचा हात झोळीत होता.

सगळ्या सांगलीने तो प्रसंग पाहिला आणि अनेक घरांतल्या मुलांनी त्यातून एकच गोष्ट उचलली : दुखलं तरी थांबायचं नाही. पण त्या दिवशी संकेतच्या बाजूला डॉक्टर होते, फिजिओ होते, प्रशिक्षक होते. नंतर त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. आपल्या गल्लीतल्या जिममध्ये संध्याकाळी सात वाजता बार उचलणाऱ्या मुलाजवळ यातलं कोणी नसतं. शिवाय हाताची इजा झोळीमुळे चारचौघांना दिसते. बरगडीची इजा बाहेरून दिसतच नाही. मुलगा शर्ट घालून जेवायला बसतो, शिंक आली की तोंड वाकडं करतो आणि विचारलं तर म्हणतो, "काही नाही अब्बा, जरा चमक भरलीय." त्याला भीती असते की खरं सांगितलं तर जिम बंद होईल. म्हणून या महिन्यात या न दिसणाऱ्या दुखण्याविषयी बोलू.

सातारा-सांगली हा भाग अंगमेहनतीचा आणि तालमींचा. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. तेव्हापासून इथल्या घरांत शरीर कमावण्याला मान आहे. आज तालमीच्या जोडीला जिम आल्या. मुलीही मागे नाहीत. संकेतची बहीण काजोल हिने त्याच वर्षी खेलो इंडिया युवा स्पर्धेत ४० किलो गटात सुवर्ण मिळवलं. पण वजन उचलणारे फक्त खेळाडू नसतात. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आणि बेदाण्याची पोती पाठीवर घेणारे हमाल, बांधकामावर सिमेंटच्या गोण्या वाहणारे, घरात गॅसची टाकी सरकवणाऱ्या आमच्या बहिणी, हे सगळे रोज वजन उचलतात. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो, पण लोखंडी टाकीसकट ते ओझं तीस किलोच्या आसपास जातं. पुढची माहिती या सर्वांसाठी आहे.

वजन उचलताना बरगडीला काय होतं?

आपल्या छातीत बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. वरच्या सात जोड्या कुर्चेच्या म्हणजे मऊ हाडाच्या साहाय्याने पुढे छातीच्या मधल्या हाडाला थेट जोडलेल्या असतात. आठवी, नववी आणि दहावी जोडी वरच्या कुर्चेला चिकटते. शेवटच्या दोन जोड्या पुढून मोकळ्या असतात. दोन बरगड्यांमध्ये स्नायूंचे थर असतात. आपण दिवसात हजारो वेळा श्वास घेतो आणि प्रत्येक श्वासाला हा सगळा पिंजरा हलतो. म्हणूनच बरगडीला पूर्ण विश्रांती देता येत नाही. हाताला प्लास्टर घालता येतं, श्वासाला घालता येत नाही.

जड वजन उचलताना आपण श्वास कोंडतो, पोट आणि छाती ताठ करतो. त्यामुळे कण्याला आधार मिळतो, पण बरगड्यांवर ताणही येतो. त्यात अंगाला पीळ बसला, पाय सरकला किंवा वजन एका बाजूला कलंडलं की इजा होते. ती साधारण चार प्रकारची असते.

पहिला प्रकार म्हणजे बरगड्यांमधला स्नायू ताणला जाणं किंवा फाटणं. उचलताना किंवा वळताना अचानक कळ येते, मग खोल श्वास, खोकला आणि कूस बदलणं अवघड होतं. गावाकडे यालाच उसण भरली असं म्हणतात. किरकोळ ताण दोन-तीन आठवड्यांत बरा होतो, जास्त फाटलं असेल तर अधिक वेळ लागतो.

दुसरा प्रकार कुर्चेची सूज. बेंच प्रेस किंवा डिप्स जास्त करणाऱ्या मुलांना छातीच्या मधल्या हाडाच्या कडेला दुखतं आणि बोटाने दाबलं की नेमकं तिथेच दुखतं. हे कधी काही आठवडे, कधी काही महिने रेंगाळतं. बार खाली आणताना छातीवर आदळून त्याची उसळी घेण्याची जी सवय अनेक जिममध्ये दिसते, ती कुर्चेवर आणि हाडावर थेट मार आहे.

तिसरा प्रकार हाडाला तडा जाणं. बार अंगावर पडणं, पोत्यासकट घसरून पडणं यामुळे बरगडी मोडू शकते. पण मार न लागताही तडा जातो. तोच ताण रोज बसत राहिला की हाड हळूहळू थकतं. डोक्यावर वजन नेणाऱ्या खेळाडूंमध्ये सर्वांत वरच्या, पहिल्या बरगडीला असा तडा गेल्याचं आढळतं. तेव्हा दुखणं छातीत न जाणवता खांद्याच्या मुळाशी किंवा मानेच्या बाजूला जाणवतं आणि मुलगा महिनाभर खांद्याला मलम चोळत बसतो.

चौथा प्रकार खालच्या बरगड्यांचं टोक सैल होऊन सरकणं. वाकल्यावर किंवा उठताना कट्‌ असा आवाज येतो आणि कळ येते. हे कमी आढळतं, पण असतं.

आधी हृदय, मग बरगडी

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथे सांगतो. छातीत दुखलं की प्रत्येक वेळी ते बरगडीचंच असतं असं मानू नका. चाळिशी ओलांडलेला माणूस पोती उचलतो किंवा मुलाबरोबर जिमला जातो, डावीकडे दुखू लागतं आणि घरातले म्हणतात, बरगडी धरली असेल, शेक द्या. हा शेक जिवावर बेतू शकतो. दुखणं दाबल्यासारखं, आवळल्यासारखं असेल, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, बरोबर घाम, मळमळ, धाप असेल, तर आधी हृदयाचा ईसीजी. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर तरुणानेही हीच काळजी घ्यावी. दाबल्यावर दुखतं म्हणजे हृदय ठीकच आहे, असा निष्कर्ष घरी काढू नये.

पुढची लक्षणं दिसली तर वाट न पाहता रुग्णालयात जावं किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी :

• श्वास अपुरा पडणं, किंवा धाप वाढत जाणं. मोडलेल्या बरगडीचं टोक फुप्फुसाला लागलेलं असू शकतं.
• खोकल्यातून रक्त येणं.
• मार लागल्यावर चक्कर, अंग थंड पडणं, पोटात दुखणं. डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांमागे प्लीहा आणि उजवीकडे यकृत असतं, तिथे आतून रक्तस्राव होऊ शकतो.
• काही दिवसांनी ताप, थंडी आणि कफ येणं. हा न्यूमोनिया असू शकतो.
• बार किंवा पोतं छातीवर पडणं, मग दुखणं थोडं का असेना.

सांगली आणि साताऱ्याची शासकीय रुग्णालयं, मिरजेतलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जवळचे अस्थिरोगतज्ज्ञ, कुठेही दाखवा, पण दाखवा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. साध्या एक्स-रेमध्ये बरगडीचा बारीक तडा पुष्कळदा दिसत नाही. एक्स-रे साफ आला म्हणून मुलगा खोटं बोलतोय असं समजू नका आणि दुसऱ्या दिवशी त्याला वजनाकडे पाठवू नका. डॉक्टर बोटाने चाचपून, श्वास ऐकून आणि गरज वाटली तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून ठरवतात.

घरी काय करावं

साध्या तडा गेलेल्या बरगडीला शस्त्रक्रिया लागत नाही. ती साधारण सहा आठवड्यांत आपली आपण जुळते, काहींना बारा आठवडेही लागतात. आपलं काम एवढंच की दुखणं आटोक्यात ठेवायचं आणि श्वास खोल चालू ठेवायचा.

पहिले दोन दिवस बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवावा, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये. दुखणं कमी करण्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल घ्यावं. गोळी खाऊन वजन उचलण्यासाठी नव्हे, तर नीट श्वास घेता यावा म्हणून. दुखतं म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो, फुप्फुसाच्या खालच्या भागात हवा जात नाही, कफ साठतो आणि तिथून न्यूमोनिया सुरू होतो. म्हणून जागेपणी दर तासाला आठ-दहा वेळा सावकाश खोल श्वास घ्यावा. खोकताना किंवा शिंकताना छोटी उशी दुखऱ्या बाजूला दाबून धरावी. झोपताना पाठीमागे दोन-तीन उशा लावून अर्धवट बसतं झोपावं. उठताना आधी कुशीवर वळावं, मग हाताच्या रेट्याने बसावं. सिगारेट पूर्ण बंद. घरातल्या घरात चालणं चालू ठेवावं. आठवडाभर पडून राहिल्याने हाड लवकर जुळत नाही.

काय करू नये

छातीला घट्ट पट्टा किंवा ओढणी बांधू नका. पूर्वी डॉक्टरही बांधत असत. आता तसा सल्ला देत नाहीत, कारण पट्ट्याने श्वास उथळ होतो.

चोळू नका. तालमीत वस्तादाच्या हाताला गुण असतो हे खरं. दमलेल्या मांड्या आणि पिंढऱ्या त्या मालिशने मोकळ्या होतात. पण बरगडीला तडा आहे की नाही हे हाताला कळत नाही. तसंच उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायची रीत आपल्या खेड्यापाड्यांत सर्वच समाजांत आहे. तडा गेलेल्या हाडावर पायाचा भार पडला तर तडा वाढतो.

हिजामाविषयीही विचारलं जातं. आपल्या घरांत त्याबद्दल आदर आहे आणि त्या आदराला धक्का न लावता एवढंच सांगतो : ताज्या इजेवर आणि तडा असल्याचा संशय आहे त्या जागेवर कप लावू नयेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. राहिली हळद. सांगलीच्या माणसाला हळदीबद्दल वाईट बोलवणार नाही. लेप लावल्याने कातडीला ऊब मिळते, बरं वाटतं. जखम नसेल तर हरकत नाही. फक्त लेप चोळून लावू नका आणि लेप लावला म्हणून तपासणी टाळू नका.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या आणू नका. रिकाम्या पोटी त्या जठराला इजा करतात आणि मूत्रपिंड, रक्तदाब किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांना धोक्याच्या ठरू शकतात.

नमाज आणि रोजा

बरगडी दुखत असताना सर्वांत अवघड काय जातं, तर सजदा. वाकताना आणि त्याहून जास्त उठताना कळ येते. पुष्कळ लोक, विशेषतः बुजुर्ग, दात-ओठ खाऊन सजदा करतात. दीनने आजाऱ्याला सवलत दिली आहे : उभं राहून जमत नसेल तर बसून, बसूनही जमत नसेल तर आडवं होऊन नमाज अदा करता येते, रुकू आणि सजदा इशाऱ्याने होतात. खुर्चीवर बसून नमाज पढणाऱ्या तरुणाकडे मशिदीत कोणी भुवया उंचावून पाहू नये, त्याच्या शर्टाखाली काय दुखतंय हे आपल्याला दिसत नाही.

रमजानमध्ये इजा झाली तर मुलं सहरीला एकदम दोन-तीन गोळ्या घेतात आणि दिवसभर ढकलतात. हे करू नका. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा कुरआनमध्येच आहे. ज्यांचं दुखणं सौम्य आहे त्यांनी डॉक्टरांकडून इफ्तार आणि सहरीच्या वेळांप्रमाणे गोळ्यांचं वेळापत्रक बसवून घ्यावं. तुमच्या बाबतीत मसला काय, हे इमामसाहेबांना विचारा. शरीराला झेपेल का, हे डॉक्टरांना विचारा. दोन्ही उत्तरं मिळाल्यावर मन निश्चिंत राहतं.

सहा आठवडे घर कसं चालायचं?

विद्यार्थ्याला सहा आठवडे विश्रांती सांगणं सोपं आहे. पोत्यावर पैसे मिळणाऱ्या हमालाला, रोजंदारीच्या गवंड्याला हे सांगणं म्हणजे सहा आठवडे चूल कशी पेटवायची हा प्रश्न टाकणं आहे. म्हणूनच तो चौथ्या दिवशी कामावर जातो, तडा पुन्हा हलतो आणि सहाचे बारा आठवडे होतात. हिशेब करून पाहिला तर लवकर कामावर जाणं महाग पडतं.

इथे घरातल्यांनी आणि मोहल्ल्याने पुढे यायला हवं. मुकादमाकडे किंवा दुकानमालकाकडे बसून करायचं काम मागता येतं : काट्यावर नोंद, पोत्यांची मोजणी, शिलाई. महाराष्ट्रात माथाडी कामगारांसाठी १९६९ पासून कायदा आहे. नोंदणी झालेली असेल तर मंडळाच्या कार्यालयात जाऊन आपल्याला काय मदत मिळू शकते ते विचारावं. नोंदणी नसेल तर ती करून घेण्याची हीच वेळ. जमातीच्या बैतुलमालमधून शस्त्रक्रियेच्या मोठ्या बिलाला मदत होते, पण किराणा भरून देण्याचं कोणाला सुचत नाही, कारण बरगडी मोडलेला माणूस चालता-बोलता दिसतो. शेजाऱ्याने विचारल्याशिवाय तो सांगणारही नाही.

पुन्हा वजन कधी?

तारखेकडे पाहू नका, शरीराकडे पाहा. खोल श्वास, खोकला, मोठ्याने हसणं, झोपेत कूस बदलणं, दुखऱ्या जागी बोटाने दाबणं, या पाचही गोष्टी गोळी न घेता न दुखता झाल्या तर सुरुवात करता येते. तडा होता तर डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. आधी आठवडाभर झपझप चालणं. मग पायांचे व्यायाम. मग मोकळा बार; पुरुषांच्या स्पर्धेचा बार २० किलोचा आणि महिलांचा १५ किलोचा असतो, तेवढंच सुरुवातीला पुरे. त्यानंतर जुन्या वजनाच्या निम्म्यापासून सुरू करून दर आठवड्याला थोडं थोडं, साधारण दहा टक्के, वाढवावं. बेंच प्रेस आणि डिप्स सर्वांत शेवटी. मध्येच कळ आली तर एक पायरी मागे.

आणि मुळात इजा होऊ नये म्हणून : उचलण्याआधी दहा मिनिटं अंग गरम करा. वजन शरीराजवळ ठेवा, उचलून धरलेलं असताना कमरेतून वळू नका, पावलं वळवा. बेंच प्रेसला मागे साथीदार उभा असल्याशिवाय बसू नका. ज्या जिममध्ये शिकवणारा कोणी नाही तिथली फी स्वस्त नसते, ती नंतर वसूल होते. आहारात दूध, नाचणी, अंडी, डाळी आणि कोवळं ऊन असू द्या. ज्या बहिणींचा दिवस चार भिंतींत जातो त्यांनी गच्चीवर किंवा अंगणात थोडा वेळ उन्हात बसावं आणि पन्नाशीनंतर हाडांची तपासणी करून घ्यावी. हाडं ठिसूळ झाली असतील तर टाकी सरकवण्यानेच काय, जोराच्या खोकल्यानेही बरगडीला तडा जातो. घरात धडधाकट मुलगा असताना अम्मीने टाकी ओढू नये, हेही या निमित्ताने सांगतो.

शेवटी आई-वडिलांसाठी. मुलाने दुखणं सांगितलं तर पहिलं वाक्य "सांगितलं होतं ना, जिम सोड" हे नसावं. तसं म्हटलंत तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही आणि पुढची वेळ कदाचित मोठी असेल. आधी विचारा, श्वास घेताना दुखतं का, कधीपासून, काय पडलं होतं का. डॉक्टरांकडे त्याच्याबरोबर जा. बरा झाल्यावर एकदा त्याच्या जिममध्येही जाऊन या. तिथे कोण शिकवतं, मुलं कसं उचलतात ते पाहा. आपल्या शरीराचा आपल्यावर हक्क आहे ही शिकवण आपण मुलांना देतो. त्या हक्कात दुखणाऱ्या शरीराला थांबू देणंही येतं.

अल्लाह आपणा सर्वांना आफियत आणि आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.